धुराची रेघ दिसली पाहिजे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रिमोटवर चालणारी गाडी म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांना वाढदिवसाला मिळालेले, दोन दिवसांत सेल संपलेले आणि तिसऱ्या दिवशी माळ्यावर गेलेले खेळणे आठवते. आज मी ज्या गाडीविषयी बोलणार आहे ती त्या जातीची नव्हे. ती शर्यतीची गाडी आहे. १:८ या प्रमाणातला ट्रक, वजन साधारण चार किलो, पोटात साडेतीन घनसेंटिमीटरचे इंजिन. मातीच्या ट्रॅकवर ती ताशी ५०-६० किलोमीटर वेगाने पळते आणि उंचवट्यावरून माणसाच्या डोक्याइतकी उंच उडते. क्लच, डिस्क ब्रेक, तीन डिफरन्शिअल, चार शॉकॲब्सॉर्बर असे सगळे तिच्यात असते. नसतो तो फक्त ड्रायव्हर. तो हातात ट्रान्समीटर घेऊन दूर लाकडी मचाणावर उभा असतो.

हा खेळ रुजला तो मुख्यतः जपान आणि अमेरिकेत. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे गाडीची रेडिओवर चालणारी प्रतिकृती विकायला काढली आणि १९७९ मध्ये वाळूत-मातीत पळणाऱ्या गाड्या आणल्या. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असोसिएटेड या कंपनीची आरसी-१० आली. ही मात्र खेळणे म्हणून नव्हे, शर्यतीचे यंत्र म्हणूनच घडवलेली होती. मातीवरच्या विजेच्या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच डेल मार इथे झाली. त्या मुलखाला मातीच्या शर्यतींचे वेड जुनेच. शेजारच्या मेक्सिकोतल्या बाहा द्वीपकल्पात १९६७ पासून खऱ्या गाड्यांची वाळवंटातली लांब शर्यत होते. तिथले मोठ्या चाकांचे, लांब पायांचे ट्रक पाहून छोट्या ट्रकची हौस वाढली.

आमच्या घरात ही हौस २००५ मध्ये शिरली. नोकरीनिमित्त आम्ही तेव्हा लॉस एंजेलिसच्या पूर्वेला राहत होतो. मुलगा १५ वर्षांचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत शेजाऱ्यांच्या अंगणातले गवत कापून त्याने पैसे जमवले आणि एक वापरलेला ट्रक घेतला. इंजिन मात्र नवे, स्वतःच्या कमाईचे. मी पंप बनवणाऱ्या कारखान्यांत २० वर्षे काढलेला मेकॅनिकल इंजिनिअर. मला वाटले, एवढेसे इंजिन, त्यात शिकायचे ते काय!

डिसेंबरचा महिना होता. शनिवारी दुपारी छान ऊन असताना आम्ही घरामागच्या मैदानात इंजिन जुळवले. रविवारी सकाळी सात वाजता ट्रॅकवर पोचलो तेव्हा बोटे गारठत होती. दोन फेऱ्या झाल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, सरळ रस्त्यावर बाकीचे पुढे जातात." मी स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि कार्बोरेटरची सुई थोडी आत फिरवली. म्हणजे इंधन कमी केले. इंजिनाचा आवाज चढला. गाडी बाणासारखी सुटली. पोरगा हसला, मीही हसलो. तिसऱ्या फेरीत तो आवाज अचानक थांबला आणि गाडी ट्रॅकच्या मधोमध उभी राहिली. इंजिन सीझ झाले होते. मुलगा मला काहीच बोलला नाही. "ठीक आहे बाबा" एवढेच म्हणाला, आणि ते ऐकणे जास्त अवघड होते.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ असत. आयुष्यभर लेथवर काम केलेले. त्यांनी इंजिन गार होऊ दिले, उघडले आणि सिलिंडरच्या आतले उभे ओरखडे दाखवले. मग मला एकच प्रश्न विचारला, "धूर दिसत होता का?" मी धुराकडे पाहिलेच नव्हते.

धुराचे महत्त्व कळायला आधी हे इंजिन कशावर चालते ते पाहिले पाहिजे. आपल्याकडे टू-स्ट्रोक स्कूटरी होत्या, त्यांच्या पेट्रोलमध्ये ऑइल घालावे लागे. पंपावर मोजून ऑइल टाकणारा माणूस पन्नाशीपुढच्या सगळ्यांना आठवत असेल. हे इंजिनही टू-स्ट्रोकच, पण इंधन पेट्रोल नव्हे. मिथेनॉल, त्यात शेकडा २०-३० भाग नायट्रोमिथेन आणि साधारण १० भाग ऑइल. त्या ऑइलमध्ये बहुधा आपले एरंडेलही असते. पेट्रोलच्या इंजिनात असते तशी ठिणगी इथे नसते. प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असते. सुरू करताना ते बॅटरीने तापवायचे. नंतर बॅटरी काढली तरी मिथेनॉलची प्लॅटिनमशी गाठ पडून उष्णता होत राहते आणि वेटोळे लालच राहते. इंजिन चालू आहे तोवर प्लग पेटलेला, असा हा मामला.

आता मेख अशी की या इंजिनाला वेगळे वंगण नाही. ऑइल येते ते इंधनाबरोबर. इंजिन गार ठेवण्याचे बरेचसे कामही इंधनच करते, कारण मिथेनॉलची वाफ होताना ते पुष्कळ उष्णता शोषून घेते. त्यामुळे सुई आत फिरवून इंधन कमी केले की तीन गोष्टी एकदम होतात. ताकद थोडी वाढते, उष्णता वाढते आणि वंगण घटते. मरायच्या जरा आधी इंजिन सर्वांत छान पळते. नवशिक्याला फसवते ते हेच. मी आवाज ऐकून खूश झालो, तेव्हा पिस्टन जवळजवळ कोरडा घासत होता.

आणि थंडीचे काय? गार, कोरडी हवा दाट असते. त्याच झडपेतून जास्त प्राणवायू आत जातो, म्हणून इंधनही जास्त द्यावे लागते. शनिवारच्या उन्हात बरोबर असलेली सुई रविवारच्या थंडीत आधीच कमी इंधन देत होती, त्यात मी आणखी कमी केले. उलट दमट, गरम हवेत किंवा उंचावर प्राणवायू कमी, तेव्हा इंधन थोडे घटवावे लागते. मुंबईत जुळवलेले इंजिन घाट चढून पुण्याला आणले तर ते जरा जड, गुरगुरल्यासारखे चालेल आणि धूर जास्त सोडेल. दोष इंजिनाचा नाही, पुण्याच्या उंचीचा. (पुणेकरांनी हे मनाला लावून घेऊ नये.)

कार्बोरेटरला मुख्यतः दोन सुया असतात. एक पूर्ण वेगाची, दुसरी कमी वेगाची. आधी वेगाची जुळवायची, मग दुसरी, आणि इंजिन चांगले तापल्यावरच. फिरवण्याचे माप घड्याळाचे. स्क्रूची खाच म्हणजे तासकाटा समजा आणि एका वेळी एकच तास हलवा, त्याहून जास्त नाही. मग एक-दोन फेऱ्या मारून बघा. भरधाव जाताना मागे निळसर धुराची बारीक रेघ दिसलीच पाहिजे. प्लगजवळ इंजिनाच्या डोक्याचे तापमान साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. त्यासाठी बंदुकीसारखा थर्मामीटर मिळतो. नसला तर आपल्या आजीची तव्याची युक्ती चालते. डोक्यावर पाण्याचा थेंब टाका. तीन-चार सेकंदांत उडाला तर ठीक, पडताक्षणी चर्र करून नाहीसा झाला तर ताबडतोब इंजिन बंद करा.

कमी वेगाच्या सुईची परीक्षा आणखी सोपी. इंजिन संथ चालू असताना कार्बोरेटरजवळची इंधनाची नळी बोटांनी दाबून धरा. आवाज किंचित चढून दोन-तीन सेकंदांनी इंजिन बंद पडले तर सुई बरोबर. लगेच मेले तर इंधन कमी. बराच वेळ रेंगाळून मेले तर जास्त. ही परीक्षा मला म्हाताऱ्यांनी दाखवली. कोणत्याही पुस्तकाआधी ती शिकलो असतो तर मुलाचे उन्हाळ्याचे पैसे वाचले असते.

नवे इंजिन रुळवणे हाही सबुरीचा भाग. याच्या पिस्टनला रिंगा नसतात. पितळी सिलिंडर वरच्या बाजूला किंचित निमुळता केलेला असतो, इतका की थंड असताना पिस्टन वर जाऊन अडकल्यासारखा होतो. गरम झाल्यावर पितळ जास्त फुगते आणि दोघांत हवी तेवढीच फट राहते. म्हणून नवे इंजिन थंडगार अवस्थेत जोराने फिरवणे म्हणजे ते खरवडणे. आम्ही ते आधी केस वाळवण्याच्या यंत्राने तापवत असू. मग भरपूर इंधन ठेवून टाकीभर चालवायचे, पूर्ण थंड होऊ द्यायचे, पुन्हा तापवायचे. असे पाच-सहा वेळा. आणि प्रत्येक वेळी थंड होताना पिस्टन तळाशी आणून ठेवायचा, म्हणजे वरच्या निमुळत्या भागात तो आवळून बसत नाही. पिस्टन तळाशी असताना फ्लायव्हीलवर खालच्या बाजूला पांढऱ्या रंगाची खूण करून ठेवली की रोज शोधावे लागत नाही.

इंजिनाचा दुसरा शत्रू धूळ. फिल्टर म्हणजे स्पंजाचा बोळा, पण त्यात खास तेल मुरवलेले हवे. कोरडा स्पंज बारीक धूळ अडवत नाही. ती आत गेली की पॉलिश पेपरचे काम करते. दर शर्यतीच्या दिवशी दोन फिल्टर तयार ठेवावेत आणि बदलताना कार्बोरेटरचे तोंड बोटाने झाकावे. बस, एवढेच. इतक्या स्वस्त कामात आळस करणारे लोक महागडी इंजिने विकत घेत राहतात.

इंजिनाविषयी मी इतके बोललो, पण खरे सांगायचे तर मातीवरची शर्यत इंजिनावर जिंकली जात नाही. ट्रॅक खाचखळग्यांचा. चाक हवेत असेल तेवढा वेळ त्याचा काही उपयोग नाही, ना ओढायला, ना वळायला, ना थांबायला. तेव्हा चाक जमिनीला चिकटून कसे राहील हा मुख्य प्रश्न, आणि त्याचे उत्तर शॉकॲब्सॉर्बरमधल्या चमचाभर तेलात असते.

शॉकच्या नळीत सिलिकॉनचे तेल भरलेले असते आणि त्यात बारीक भोके असलेला पिस्टन वर-खाली होतो. तेल भोकांतून जाताना अडते, म्हणून स्प्रिंग उसळत राहत नाही. तेल फार घट्ट असेल तर खड्ड्यात वर गेलेले चाक वेळेत खाली येत नाही आणि गाडी खळग्यांच्या माथ्यावरून घसरत जाते. फार पातळ असेल तर उडीनंतर गाडीचे पोट खाडकन जमिनीवर आपटते. हा घट्टपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात. पाण्याचा साधारण एक, शॉकच्या तेलाचा बहुधा ३०० ते ६००. उन्हात तेल पातळ होते, म्हणून उन्हाळ्यात एक पायरी घट्ट तेल घालावे.

तेल भरताना घाई नको. नळी उभी धरून भरायची, पिस्टन हळूहळू वर-खाली करायचा आणि ती पाच-दहा मिनिटे तशीच ठेवायची. बुडबुडे वर येतात. एक बुडबुडा आत राहिला तरी तो दाबला जातो आणि तो कोपरा पोकळ पडतो. मग डावा-उजवा शॉक हातात धरून एकाच वेळी दाबून बघायचे. दोन्ही सारखे परत आले पाहिजेत. मुलगा हे डोळे मिटून करायचा. म्हणायचा, डोळे उघडे असले की मला दोन्ही सारखेच वाटतात.

मग गाडी जमिनीवर ठेवून वीतभर उंचीवरून सोडा. स्थिरावल्यावर चाकांकडे जाणारे दांडे साधारण आडवे असावेत, ही सुरुवात. पुढे चालवणाऱ्याच्या तक्रारीवरून ठरवायचे. वळणात गाडी नाक खुपसून बाहेरच जाते म्हणाला, तर पुढची बाजू नरम करा. शेपूट फिरते म्हणाला, तर मागची. ज्या टोकाला पकड हवी ते टोक मऊ, असा ढोबळ नियम. त्याला अपवाद पुष्कळ आहेत, आणि ते ट्रॅकच शिकवतो. मात्र एका वेळी एकच बदल करायचा. तेल, स्प्रिंग आणि टायर तिन्ही एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तरी कशाने सुधारली ते कळत नाही. बिघडली तर त्याहून नाही. म्हाताऱ्यांकडे एक तेलकट वही होती. तारीख, हवा, माती ओली की कोरडी, काय बदलले, काय झाले. आम्हीही तशी वही घातली.

डिफरन्शिअल हा असाच तेलाचा खेळ. वळताना बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, म्हणून दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरू द्यावे लागते. पण साध्या डिफरन्शिअलची खोड अशी की एक चाक उचलले गेले की सगळी शक्ती त्या रिकाम्या चाकाकडे पळते. चिखलात अडकलेल्या एसटीचे एकच चाक गरगर फिरताना आपण पाहिले आहे. यावर उपाय म्हणून आत काकवीसारखे घट्ट सिलिकॉन भरतात, ते ही पळापळ आवरते. सुरुवातीला पुढे पाच-सात हजार सेंटिस्टोक, मध्ये तेवढेच, मागे दोन-तीन हजार हे माप पुष्कळ जण घेतात. मधल्यातले तेल पातळ झाले की वेग वाढवताना हलकी झालेली पुढची चाके भिरभिरतात आणि मागे जोर पोचत नाही. टायर खराब होतात ते याच कारणाने.

टायरविषयी थोडक्यात. नरम रबर आणि बारीक खुंट्या सैल मातीला, कडक रबर तापलेल्या टणक मातीला. ते रिमला चिकटवलेले असतात. दर शर्यतीआधी कडेने अंगठा दाबत फिरवून चिकटलेपण तपासा. बाकी ज्या टायरवर स्थानिक लोक धावतात तो घ्या, फार विचार करू नका.

गंमत उडीची. हवेत गेलेल्या गाडीला वळवता येत नाही असे वाटेल, पण नाक वर-खाली नक्की करता येते. हवेत असताना वेग दिला की जड चाके पुढे जोरात फिरू लागतात, त्याची प्रतिक्रिया म्हणून गाडीचे अंग उलट दिशेला फिरते आणि नाक वर येते. ब्रेक लावला की नाक खाली. कोनीय संवेगाचा नियम मी कॉलेजात सूत्राने शिकलो होतो. तो डोळ्यांनी पाहिला तो मुलाच्या ट्रकमुळे.

आता बहुतेक नवे लोक विजेचा ट्रक घेतात. ब्रशलेस मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी यांनी इंजिनाच्या तोडीची ताकद दिली आणि सुया जुळवण्याची कटकट संपवली. तिथे लक्ष द्यायचे ते गिअरच्या दात्यांकडे. दोन गिअरांमध्ये कागदाची पट्टी फिरवून घ्या. ती न फाटता नुसती चुरगळून बाहेर आली की फट बरोबर. आणि बॅटरीकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, त्यापुढे नाही. वापरताना तीनच्या खाली कधीच नाही. ठेवून द्यायची तर ३.८ च्या आसपास. चार्जिंगला लावून झोपायचे किंवा बाजारात जायचे नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. ती पेटली तर पाहता पाहता घर धरते.

सुरक्षिततेचे आणखी एक. पूर्वी प्रत्येक ट्रान्समीटरमध्ये ठरावीक फ्रिक्वेन्सीचा स्फटिक असे. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघांनी ट्रान्समीटर चालू केले, तर एकाची गाडी दुसऱ्याचे ऐके. म्हणून ट्रॅकवर फळीला चिमटे लावलेले असत. आपल्या नंबरचा चिमटा हाती असेल तरच बटण दाबायचे. आताचे २.४ गिगाहर्ट्झचे संच ती काळजी स्वतः घेतात. तरी बॅटरी उतरणे, तार तुटणे चुकत नाही. संदेश तुटला की गाडीने आपणहून ब्रेक लावावा, अशी सोय त्यात असते. ती लावलेली आहे का, हे दर वेळी गाडी उचलून, चाके हवेत ठेवून, ट्रान्समीटर बंद करून तपासा. चार किलोचा ट्रक भरधाव पोराटोरांच्या घोळक्यात शिरला तर पाय मोडू शकतो.

आमच्या जळलेल्या इंजिनाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. मी नवे घेऊन देतो म्हटले, तर मुलगा नको म्हणाला. म्हाताऱ्यांनी मध्यम मार्ग सुचवला. नुसता पिस्टन-सिलिंडरचा जोड बदलायचा, पैसे अर्धे-अर्धे. मुलाने एक अट घातली, "सुईला हात लावायच्या आधी मला विचारायचं." दोन रविवार इंजिन रुळवण्यात गेले. तिसऱ्या रविवारी दहा गाड्यांत तो सातवा आला. शेवटच्या फेरीपर्यंत मी मचाणाखाली उभा राहून फक्त धूर बघत होतो.

शर्यत संपल्यावरचे काम मात्र आम्ही दोघे मिळून करत असू. ब्रशने माती झाडायची, पाण्याचा फवारा मारायचा नाही, नाहीतर बेअरिंगे गंजतात. टाकी रिकामी करायची, इंजिन चालू करून उरलेले इंधन जाळायचे. हे इंधन हवेतली ओल धरते, ते आत राहिले तर रात्रीत गंज सुरू होतो. मग कार्बोरेटरमध्ये आणि प्लगच्या भोकात तेलाचे चार थेंब, हाताने चार वेळा फिरवणे आणि शेवटी फ्लायव्हीलची खूण खाली.

तो ट्रक आता पुण्यात माझ्याकडे आहे. मुलगा तिकडेच राहतो, दीड-दोन वर्षांनी येतो. गेल्या खेपेला सामान ठेवल्यावर त्याने कपाट उघडले, ट्रक उलटा केला आणि खाली वाकून पाहिले. पांढरी खूण खालीच होती.